स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरची वर्षे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरसूचक समितीचा अहवाल वाचला जातो आणि त्यानंतर एखाद्या विद्वान गृहस्थांचे व्याख्यान होते. यंदा तो मान कार्यकारी मंडळाने आमच्यासारख्या एका निवृत्त शिक्षकास दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म मुलांना अंकगणित शिकविण्यात गेला. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार यत्किंचितही नाही, हे आरंभीच सांगून टाकणे आम्हांस अवश्य वाटते. जे सांगावयाचे आहे ते आम्ही प्रसिद्ध झालेल्या अहवालांतून वाचले असून, आपल्या ज्ञातीतील एका डॉक्टर कन्येकडून समजावून घेतले आहे.

विषय निघाला तो असा. आपल्या मंडळाचा वैद्यकीय साहाय्य निधी आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. गेल्या काही वर्षांत या निधीकडे एका नव्या कारणासाठी अर्ज येऊ लागले आहेत. जठराचा आकार लहान करून वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करावयाची आहे, तरी साहाय्य मिळावे, अशी मागणी त्यांत असते. या अर्जांवरून कार्यकारी मंडळात दोन तट पडले. एक पक्ष म्हणतो, “हा श्रीमंतांचा शौक आहे; जिभेवर ताबा ठेविला असता तर ही वेळच आली नसती; गोरगरिबांच्या निधीतून यास एक पैही देऊ नये.” दुसरा पक्ष म्हणतो, “एकदा शस्त्रक्रिया झाली की व्याधी समूळ गेली. मग आयुष्यभर औषधांवर खर्च करण्यापेक्षा एकदाच रक्कम द्यावी आणि मोकळे व्हावे.” आमच्या नम्र मते हे दोन्ही पक्ष चुकीच्या वाटेने जात आहेत. या शस्त्रक्रियेचा जमाखर्च पहिल्या वर्षाच्या अखेरीस मांडावयाचा नसतो. तो दहा आणि पंधरा वर्षांनी मांडावयाचा असतो. तो तसा मांडून दाखविण्याचा आजचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम पहिल्या पक्षाचे म्हणणे पाहू. स्थूलता हा केवळ खादाडपणाचा परिणाम आहे, ही समजूत आपल्यात फार जुनी आहे. परंतु वजन पुष्कळ वाढल्यावर शरीर ते वजन राखण्याचाच प्रयत्न करू लागते, हे आता शास्त्राने दाखविले आहे. मनुष्याने आहार कमी केला की भूक वाढविणारे स्राव वाढतात, शरीराची उष्णतेची गरज घटते, आणि महिनाभर कष्टाने उतरविलेले वजन पुढील सणासुदीत परत येते. ज्यांनी दहा दहा वेळा उपासतापास करून पाहिले, त्यांना निर्धार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

वजनाचा विचार उंचीच्या प्रमाणात करावा लागतो. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास देहभार निर्देशांक म्हणतात. उंची १.६० मीटर व वजन ९५ किलोग्रॅम असेल, तर ९५ भागिले २.५६, म्हणजे सुमारे ३७ हा निर्देशांक येतो. युरोपात ३० च्या पुढे स्थूलता धरतात. आपल्याकडे २५ पासूनच धरावी असे भारतीय तज्ज्ञांनी ठरविले आहे. यामागचे कारण पुण्यातील संशोधनाने फार सुबोध रीतीने दाखविले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपले दोघांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. आपण दिसावयास कृश असलो तरी आतून मेदस्वी असू शकतो, असा त्याचा अर्थ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि २८.६ टक्के लोकांना स्थूलता असल्याचे आढळले. तेव्हा हा प्रश्न मूठभर श्रीमंतांचा राहिलेला नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. शस्त्रक्रिया झाली की सर्व संपले, या समजुतीला या शस्त्रक्रियेचा इतिहासच उत्तर देतो. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे डॉ. क्रेमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराच मोठा भाग वगळून अन्नाला आखूड मार्ग करून देण्याच्या शस्त्रक्रियेचे वृत्त दिले. वजन झपाट्याने उतरू लागले, आणि पुढील काळात हजारो रुग्णांवर ती करण्यात आली. परंतु वर्षे लोटली तशी तिची दुसरी बाजू दिसू लागली. न थांबणारे जुलाब, मूत्रपिंडातील खडे, सांध्यांचा दाह, आणि कित्येकांचे यकृत निकामी होणे, असे परिणाम पुढे आले. अखेरीस ती शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागली, आणि पुष्कळांची आतडी पुन्हा पूर्ववत् जोडावी लागली. पहिल्या वर्षाचा ताळेबंद उत्तम होता. दहाव्या वर्षाचा तोट्याचा निघाला.

पुढे १९६६ साली आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी दुसरा मार्ग काढला. व्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला जाई ते रुग्ण कृशच राहतात, हे त्यांनी पाहिले होते. त्यावरून जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्यास जोडण्याची पद्धत निघाली. हीच सुधारत सुधारत आजची ‘गॅस्ट्रिक बायपास’ झाली. १९९४ पासून ही शस्त्रक्रिया पोट न फाडता, लहान छिद्रांतून दुर्बिणीने होऊ लागली. मधल्या काळात जठराभोवती पट्टा बसविण्याची पद्धतही फार गाजली. परंतु पट्टा सरकणे, जठरात रुतणे, वजन परत येणे, या कारणांनी तिचा प्रसार ओसरला. आज बायपासबरोबर ‘स्लीव्ह’ नावाची शस्त्रक्रिया सर्वांत अधिक होते. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकून उरलेल्याची बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. या दोन्हींनी केवळ जागा कमी होते असे नाही. भूक चेतविणारा ‘घ्रेलिन’ नावाचा स्राव घटतो, आणि तृप्ती देणारे व मधुमेहास उपकारक असे आतड्यातील स्राव वाढतात. म्हणूनच कित्येक मधुमेही रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्यापूर्वीच खाली येते.

आता जमेची बाजू मांडू. या विषयातील सर्वांत दीर्घ व विश्वसनीय अभ्यास स्वीडन देशात झाला. १९८७ पासून तेथे २,०१० रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्यात आली, आणि तशाच २,०३७ स्थूल व्यक्तींवर नेहमीचे उपचार करून दोन्ही गटांची वर्षानुवर्षे तुलना केली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार शस्त्रक्रियेच्या गटात १०१ आणि दुसऱ्या गटात १२९ मृत्यू झाले होते. २०२० सालच्या अहवालात असे दिसले की, शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक होते. अमेरिकेतील यूटा राज्यात ७,९२५ शस्त्रक्रियांकित रुग्णांची तितक्याच स्थूल व्यक्तींशी तुलना झाली. तीत एकूण मृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांनी, तर मधुमेहामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ९२ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा ज्याला ही शस्त्रक्रिया खरोखर लागू आहे, त्याच्या बाबतीत तिला शौक म्हणणे सर्वथैव अयोग्य होय.

परंतु त्याच वहीचे पुढचे पान उलटले पाहिजे. स्वीडनच्या त्याच अभ्यासात बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. पट्टा बसविलेल्यांची घट २० टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आली. मधुमेहाच्या बाबतीत हा फरक अधिकच डोळ्यांत भरतो. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रुग्ण त्या व्याधीतून मुक्त झालेले दिसत होते; पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्के उरले. नेहमीच्या उपचारांनी ते साडेसहा टक्केच होते, म्हणून शस्त्रक्रियेचा लाभ नाकारता येत नाही. तथापि ‘मधुमेह कायमचा गेला’ असे म्हणून साखर तपासणेच सोडून देणाऱ्याने हे आकडे ध्यानात ठेवावेत. मधुमेह जितका अलीकडचा, तितकी मुक्ती टिकण्याची आशा अधिक, असेही आढळून आले आहे. आणि शस्त्रक्रियेने ३ वर्षे मिळविलेल्या त्या स्वीडिश रुग्णांचे आयुर्मान सर्वसाधारण लोकांपेक्षा मात्र साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. गेलेले सर्व परत मिळत नाही. काही भाग मिळतो.

आता खर्चाची बाजू. शस्त्रक्रियेच्या मेजावरील भीती पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे. अमेरिकेतील दहा केंद्रांच्या २००९ सालच्या अहवालात ४,७७६ रुग्णांपैकी ०.३ टक्के तीस दिवसांच्या आत दगावले. रक्तस्राव, शिवणीतून गळती, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, ही त्या पहिल्या दिवसांतील मुख्य संकटे होत. त्यांची काळजी रुग्णालय घेते. आमच्या विषयाचा खरा भाग रुग्ण घरी आल्यानंतर सुरू होतो. कारण नंतरच्या संकटांच्या वेळी शल्यविशारद जवळ नसतो. जवळ असतात आपण, म्हणजे घरची माणसे आणि गावातील डॉक्टर.

पहिली बाब पोषणाची. बायपासमध्ये लोह, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व ही जेथे शोषली जातात किंवा शोषणास सिद्ध होतात, तो मार्गच वगळला जातो. स्लीव्हमध्येही जठराचा मोठा भाग गेल्यामुळे ब-१२ कमी पडते. म्हणून जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व आजन्म घ्यावयाचे असते, आणि रक्ताची तपासणी प्रथम तीन-सहा महिन्यांनी व नंतर प्रतिवर्षी करावयाची असते. आपल्याकडे ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची आहे. पुण्याच्या परिसरातील पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश जणांत ब-१२ मुळातच कमी आढळले होते. ज्याच्या कोठारात आधीच धान्य नाही, त्याने दाराला कुलूप लावल्यावर काय होईल, हे सांगावयास नको. हाडांचेही तसेच. बायपासनंतर हाडे विरळ होण्याचा व मोडण्याचा संभव वाढतो. स्त्रियांना पंडुरोग जडतो, आणि थकव्याचे कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत येथे सांगतो. नाव घेत नाही. त्याची अनुज्ञा मात्र घेतली आहे. नऊ वर्षांपूर्वी मोठ्या शहरातील एका रुग्णालयात त्याच्यावर बायपास झाली. वजन १३० किलोग्रॅमवरून ८५ वर आले, रक्तदाबाच्या गोळ्या सुटल्या, आणि गावात त्याचे कौतुक झाले. घरी येताना त्यास सर्व सूचना इंग्रजी भाषेतील एका कागदावर मिळाल्या होत्या. दुसऱ्या वर्षानंतर रुग्णालयाकडून कोणी विचारपूस केली नाही. त्यालाही आपण निरोगी आहोत असे वाटले, आणि गोळ्या थांबल्या. चार वर्षांनी पावलांना मुंग्या येऊ लागल्या, अंधारात चालताना तोल जाऊ लागला. कंबरेचे दुखणे समजून दीड वर्ष मालिश व शेक चालले. अखेरीस एका डॉक्टरांनी पोटावरील बारीक व्रण पाहून प्रश्न केला, तेव्हा ब-१२ चा अभाव उघडकीस आला. सुया सुरू झाल्या. तोल पुष्कळ सावरला, परंतु पावलांची बधिरता आजही पूर्ण गेलेली नाही. मज्जातंतूंची हानी फार दिवस राहिली की ती सर्व भरून येत नाही. काही रुपयांच्या गोळीने जे टळले असते, ते असे पदरी आले.

याहून तातडीची गोष्ट ब-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायामिनची. शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांत ज्याला सतत वांत्या होतात, त्याच्या शरीरातील थायामिन लवकर संपते, आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. भ्रम होणे, डोळे नीट न फिरणे, चालताना झोकांड्या जाणे, ही तिची चिन्हे होत. अशा रुग्णास अशक्तपणा आला म्हणून नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे घातक ठरू शकते. आधी थायामिन द्यावे लागते. गावातील डॉक्टरांस शस्त्रक्रियेची कल्पना दिली नाही, तर त्यांनी हे कसे ओळखावे?

दुसरी बाब पोटातील दुखण्यांची. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. बायपासमध्ये जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो, आणि विडी-सिगारेट ओढणारा किंवा अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेणारा त्यास आमंत्रणच देतो. स्लीव्हनंतर कित्येकांस घशाशी आंबट येणे व छातीत जळजळ सुरू होते. फिनलंडमधील २४० रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनी स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांत, तर बायपास झालेल्यांपैकी ७ टक्क्यांत अन्ननलिकेचा दाह आढळला. म्हणून ज्यास आधीच हा त्रास आहे, त्याने कोणती शस्त्रक्रिया करावी याचा विचार नीट करून घ्यावा. आणखी एक संकट असे की, बायपासनंतर वर्षांनीही आतड्याचा वेढा आतील फटीत सरकून अडकू शकतो. जेवणानंतर पोटात पिळवटून कळ येते. साध्या एक्सरेत काही दिसत नाही. आणि तास वाया गेले तर आतडे मरते. पोटाच्या अशा कळेवर ओवा-हिंग देऊन रात्र काढू नये. रुग्णालय गाठावे, आणि ‘याची बायपास झालेली आहे’ हे वाक्य प्रथम उच्चारावे.

तिसरी बाब मनाची; तिच्याविषयी आपल्या समाजात बोलत नाहीत. यूटाच्या ज्या अभ्यासात रोगांमुळे होणारे मृत्यू इतके घटले, त्याच अभ्यासात अपघात, आत्महत्या अशा रोगेतर कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक निघाले. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर व अधिक भिनते. अमेरिकेतील २०१२ सालच्या एका अहवालात मद्याच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले. ज्या मनुष्याचा आधार इतकी वर्षे अन्न हाच होता, त्याच्यापुढील ताट काढून घेतले की त्याचे दुःख नाहीसे होत नाही. अंगावर लोंबणारी त्वचा, पुन्हा चढू लागलेले वजन आणि ‘एवढा खर्च करून काय मिळविले?’ असे नातलगांचे बोल, यांनी तो खचतो. अशा वेळी टोमणा मारणारा त्याची प्रकृती बिघडवीत असतो, हे ध्यानात असावे.

आता आपल्या घरांतील व कार्यांतील काही रीतींविषयी स्पष्ट बोलतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आपल्या पंगतीत आग्रह हा आदराचा भाग समजला जातो. बायपास झालेल्या मनुष्याच्या पानात आग्रहाने वाढलेली जिलबी किंवा श्रीखंड त्याच्या आतड्यात एकदम उतरते. थोड्याच वेळात त्यास घाम फुटतो, छातीत धडधडते, पोटात कळ येते. काहींची साखर एक ते तीन तासांनी इतकी खाली जाते की घेरी यावी. अशा पाहुण्यास ‘एवढ्याशाने काय होते?’ असे म्हणू नये. त्याने थोडे, सावकाश, चावून खावे; डाळी, दूध, दही, पनीर, अंडे यांपैकी जे चालते त्यातून दिवसास निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात घालावी; आणि पाणी जेवणाबरोबर न घेता मधल्या वेळी घोट घोट घ्यावे. निर्जळी उपवास त्याने करू नये. साबुदाण्याच्या खिचडीवर एकादशी काढणेही त्याच्या हिताचे नाही.

सर्वांत नाजूक विषय मुलींचा. लग्न जमत नाही म्हणून काही मातापिता कन्येची शस्त्रक्रिया घाईने उरकतात, ती सासरच्यांपासून लपवितात, आणि वर्षाच्या आत पाळणा हलावा अशीही अपेक्षा बाळगतात. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असे तज्ज्ञ सांगतात. कारण वजन वेगाने उतरत असताना मातेस पुरेसे पोषण नसते, मग बालकास कोठून मिळणार? वजन उतरले की पूर्वी न राहणारा गर्भ लवकर राहतो, हेही ध्यानात ठेवावे. ज्या सुनेस जीवनसत्त्वांची गोळी चोरून घ्यावी लागते, ती एक दिवस ती गोळी घेणे सोडून देते. आमच्या नात्यात एका भाचीची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्यावर अकरा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. मुलाकडच्या मंडळींना ही गोष्ट बोलणी ठरण्यापूर्वीच सांगण्यात आली. एक स्थळ त्यामुळे फिसकटले, हे खरे, दुसरे जमले. आज तिच्या सासूबाईच दर वर्षी तपासणीच्या तारखेची आठवण करून देतात. तिची दोन्ही बाळंतपणे सुखरूप झाली, आणि चढलेले चार-पाच किलो वजन वगळता प्रकृती उत्तम आहे. आमच्या विद्यार्थ्यात आणि तिच्यात शस्त्रक्रियेचा फरक नव्हता. नंतरच्या वर्षांचा होता.

अलीकडे याच कार्यासाठी सुया आल्या आहेत. सेमाग्लुटाइड व टिर्झेपेटाइड ही औषधे २०२५ साली स्थूलतेसाठी भारतातही विक्रीस आली. त्यांनी वजन बरेच उतरते. परंतु औषध थांबविल्यावर पुष्कळांचे वजन परत चढते. म्हणजे सुरी असो वा सुई, जन्मभराच्या पथ्यातून सुटका कोणीही देत नाही.

ही शस्त्रक्रिया कोणास लागू, याविषयी १९९१ साली अमेरिकेत मर्यादा ठरल्या. निर्देशांक ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखी व्याधी असेल तर, असा तो नियम होता. २०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी तो सैल करून ३५ च्या वर सर्वांस, आणि आशियाई लोकांत २७.५ पासूनही तिचा विचार करावा असे सांगितले. आपल्या विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ सालच्या प्रमाण कलमात मात्र ४०, किंवा गंभीर व्याधी असल्यास ३५, आणि इतर सौम्य उपाय थकल्यानंतर, अशी अट आहे. तेव्हा पॉलिसीचा कागद आधी वाचावा. आणि नंतरच्या गोळ्या व तपासण्या यांचा भार बहुधा घरच्यांवरच पडतो, हे गृहीत धरूनच पाऊल टाकावे.

या सर्व हिशेबावरून आम्ही कार्यकारी मंडळापुढे चार सूचना विचारार्थ ठेवितो. पहिली, ज्यास डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया आवश्यक म्हणून सांगितली आहे, त्याचा अर्ज शौक म्हणून फेटाळू नये. दुसरी, मंजूर रकमेपैकी एक भाग राखून ठेवून तो पुढील पाच वर्षे, प्रतिवर्षी रक्ततपासणीचा कागद दाखविल्यावर द्यावा. जेणेकरून साहाय्य आणि आठवण ही दोन्ही बरोबरच जातील. तिसरी, शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, आजन्म घ्यावयाच्या गोळ्या आणि वर सांगितलेली धोक्याची चिन्हे मराठीत छापलेले एक कार्ड मंडळाने तयार करावे. ते रुग्णाच्या खिशात व त्याच्या डॉक्टरांच्या हाती असावे. त्यातील मजकूर आपल्या ज्ञातीतील डॉक्टरांनी तपासून द्यावा. शुद्धलेखन तपासण्याचे काम आम्ही आनंदाने करू. चौथी, ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे अशा ज्ञातिबांधवांनी, त्यास कितीही वर्षे झाली असोत, या महिन्यात एकदा ब-१२, लोह, ‘ड’ जीवनसत्त्व व साखर तपासून घ्यावी. येथे बसलेल्यांत असे कोणी असतील, आणि त्यांनी गोळ्या सोडल्या असतील, तर त्यांनी संकोच न करता आजच मेळाव्यास आलेल्या डॉक्टर मंडळींस भेटावे. त्यांनी जेवणानंतर अर्धा तास यासाठी राखून ठेवण्याचे मान्य केले आहे.

अध्यक्ष महाशय, वर्गात आम्ही मुलांना सांगत असू की, उदाहरणाचे उत्तर आले म्हणून वही मिटू नये; ताळा करून पाहावा. या शस्त्रक्रियेचा ताळा प्रतिवर्षी करावा लागतो, आणि तो एकट्या रुग्णाने करावयाचा नसून त्याच्या घराने व ज्ञातीने त्यास साह्य करावयाचे असते. वरील सूचनांवर मंडळाने याच वर्षी निर्णय घ्यावा, अशी आमची विनंती आहे.